दादांचा ट्रक

जालना शहराचे नाव तुम्ही ऐकले असेल. कदाचित तुमच्यापैकी काहीजण तेथेच राहत असतील. ‘जालना सोने का पालना’ ही म्हण मराठवाड्यातील जुनी माणसे अजूनही सांगतात. कापूस, मोसंबी, बी-बियाणे आणि पोलाद यांसाठी हे शहर प्रसिद्ध आहे. त्यांपैकी पोलादाविषयी आधी थोडे सांगतो, कारण आपल्या पाठाशी त्याचा संबंध आहे.

जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत विजेवर चालणाऱ्या मोठमोठ्या भट्ट्या आहेत. या भट्ट्यांत मोडके लोखंड वितळवतात आणि त्याच्या सळया तयार करतात. घरांच्या आणि पुलांच्या बांधकामाला त्या सळया लागतात. मोडकी यंत्रे, गंजलेले पत्रे, तुटलेल्या गाड्या असे सगळे भंगार ट्रकमधून येते, वजनकाट्यावर त्याचे वजन होते आणि ते भट्टीत जाते. त्यामुळे दारात एखादी जुनी गाडी पडून असेल, तर जालन्यात ती विकायला वेळ लागत नाही. निरोप जाताच गॅस कटर घेऊन माणसे हजर होतात.

अशा या गावात एका कुटुंबाने आपला जुना ट्रक भट्टीत जाऊ दिला नाही. त्या ट्रकची ही हकिकत आहे. घरातील माणसांची नावे मी सांगणार नाही; आपले नाव पुस्तकात यावे, अशी त्यांची इच्छा नाही. घरात सगळे उर्दू बोलतात. त्यांचे बोलणे मी मराठीत सांगत आहे.

हा ट्रक नववीत शिकणाऱ्या एका मुलीच्या दादांचा होता. दादा म्हणजे वडिलांचे वडील, हे तुम्हांला सांगायला नको. मराठीत मात्र मोठ्या भावाला दादा म्हणतात आणि वडिलांच्या वडिलांना आजोबा म्हणतात. शेजारच्या मराठी मुलांना ‘दादांचा ट्रक’ म्हणजे तिच्या मोठ्या भावाचा ट्रक वाटे आणि ती दर वेळी हसून समजावून सांगे.

ट्रक टाटा-मर्सिडीज-बेंझचा होता. टाटांची टेल्को ही कंपनी १९४५ मध्ये सुरू झाली. जमशेदपूरच्या तिच्या कारखान्यात आधी रेल्वेची इंजिने बनत. १९५४ मध्ये तिने जर्मनीच्या डायमलर-बेंझ कंपनीशी करार केला आणि ट्रक बनवायला सुरुवात केली. त्या काळच्या ट्रकना पुढे लांब बॉनेट असे आणि त्यावर तीन टोकांचा तारा असे. १९६९ मध्ये करार संपला आणि पुढे तो ताराही दिसेनासा झाला. दादांच्या ट्रकवर तारा होता. कारखान्यातून तेव्हा चॅसी, म्हणजे इंजिन, चाके आणि खालचा सांगाडा एवढेच येई. चालकाची केबिन आणि मागचा हौदा गावातील सुतार लाकडाचा बनवून देत. म्हणून दोन ट्रक कधी अगदी एकसारखे नसत.

दादांनी हा ट्रक १९७२ मध्ये जुनाच विकत घेतला. ते वर्ष महाराष्ट्रातील मोठ्या दुष्काळाचे. विहिरी आटल्या होत्या आणि माणसे रस्त्यांच्या कामावर खडी फोडत होती. परदेशातून आलेली लाल ज्वारी, जिला लोक मिलो म्हणत, रेशनवर मिळे. त्या काळी मनमाडहून जालन्याकडे येणारी रेल्वे लहान रुळांची होती. मुंबईकडून मोठ्या रुळांवर आलेला माल मनमाडला उतरवून पुन्हा भरावा लागे. त्यामुळे ट्रकना खूप काम असे. दादांनी त्या वर्षी मनमाडहून धान्याची पोती आणली. नंतर अनेक वर्षे त्यांनी कापसाच्या गाठी नेल्या, मोसंबी नेली, विटा आणल्या. त्या ट्रकच्या कमाईवर तीन मुले वाढली आणि दोन खोल्यांचे घर उभे राहिले.

२००९ मध्ये इंजिनाने दम तोडला. दादांचेही वय झाले होते. ट्रक घरामागे लिंबाच्या झाडाखाली उभा राहिला. कोंबड्या हौद्यात अंडी घालू लागल्या. २०१६ मध्ये दादांचा इंतकाल झाला, तरी ट्रक तेथेच होता.

२०१९ मध्ये घरात वाद सुरू झाला. चाचा म्हणाले, “भाईजान, दहा वर्षे झाली. लोखंडाला आज भाव आहे. विकून टाकू. पोरांच्या फीला पैसे होतील.”

अब्बा म्हणाले, “अब्बाजानची निशाणी आहे.”

“निशाणीला गंज चढतो आहे,” चाचा म्हणाले.

तुम्हांला चाचांचा राग आला का? मला आला नाही. चाचांचे म्हणणे खोटे नव्हते. प्रत्येक जुनी गाडी वाचवायलाच हवी असे नाही. जुनी इंजिने धूर जास्त सोडतात, त्यांना खर्च येतो, आणि फीचे पैसे ठरलेल्या तारखेलाच भरावे लागतात. त्यातून ट्रक केवळ अब्बा आणि चाचांचा नव्हता. दादी होती, परभणीला दिलेली फुफी होती. फुफी म्हणजे मराठीत आत्या. मालक वारला की त्याच्या वस्तूवर सगळ्या वारसांचा हक्क असतो. हे मात्र दोन्ही भावांच्या लक्षात आले नव्हते. दादीने त्यांना आठवण करून दिली. “मुलीला विचारल्याशिवाय तुम्ही बापाचा ट्रक विकणार?” एवढेच ती म्हणाली.

गाडीची कागदपत्रे दादांच्या पत्र्याच्या पेटीत होती. ती काढायचे काम मुलीकडे आले, कारण बहुतेक कागद मराठीत होते आणि घरात मराठी सर्वांत चांगले तिला वाचता येत होते. सरकारी मराठीची एक गंमत आहे. अर्ज, वारस, मालक, तारीख, शिक्का, हरकत, नक्कल हे शब्द तुमच्या घरचेच आहेत. ते वाचताना ती अडखळली नाही. ‘प्रतिज्ञापत्र’, ‘योग्यता प्रमाणपत्र’, ‘नोंदणी’ हे शब्द मात्र तिने शाळेच्या मराठीच्या बाईंना विचारले.

त्या पेटीत तिला एका दोऱ्याने बांधलेले सात कागद सापडले. दर वर्षाचा एक. गाडी रस्त्यावर चालवणार नसू, तर तसे परिवहन कार्यालयाला आधी लिहून द्यावे लागते. मग त्या काळाचा कर माफ होऊ शकतो. लिहून दिले नाही, तर गाडी झाडाखाली उभी असली तरी कर चढत राहतो. दादांनी ट्रक बंद पडल्यापासून दर वर्षी असा कागद दिला होता आणि पोच घेऊन ठेवली होती. प्रत्येक अर्जात ‘वाहन दुरुस्तीसाठी उभे आहे’ असे एकच कारण होते. मुलीने ते सातही कागद मोठ्याने वाचून दाखवले. चाचा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “आधी उस्तादला दाखवू. इंजिन गेलेले असेल तर विकू. नसेल तर बघू.”

उस्ताद म्हणजे मिस्त्री. ते साठीच्या पुढचे होते आणि असल्याच इंजिनांवर काम शिकले होते. आल्याबरोबर अब्बांनी नवी बॅटरी पुढे केली. उस्तादांनी ती बाजूला ठेवायला लावली. अनेक वर्षे उभे असलेले इंजिन एकदम फिरवले, तर आत चिकटलेल्या रिंगा तुटतात. तुमच्या घरी एखादा पंप किंवा जुनी मोटरसायकल पडून असेल तर हे लक्षात ठेवा.

त्यांनी प्रथम इंजिनातील तेल बाहेर काढले. त्यात पाणी मिसळले असते तर ते दुधासारखे पांढरे दिसले असते. ते काळे होते. मग सहाही नोझल काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडे थोडे पातळ तेल सोडले आणि ते घरी निघून गेले. आठ दिवसांनी आले, पुढच्या नटाला लांब पाना लावला आणि हलकेच जोर दिला. काही झाले नाही. पुन्हा तेल सोडले. आणखी चार दिवसांनी पाना दोन बोटे सरकला. दादी खिडकीतून बघत होती. ती म्हणाली, “जिवंत आहे.”

डिझेलच्या टाकीत डांबरासारखा चिकट गाळ बसला होता. टाकी उतरवून धुतली. इंजिनाला डिझेल पुरवणारा मायकोचा पंप आणि नोझल दुरुस्तीसाठी बाजारात पाठवले. दोन लायनर, रिंगा, सगळे रबरी पाइप नवे घ्यावे लागले. या ट्रकचे सुटे भाग दुकानात सहज मिळत नाहीत. काही भाग चाचांनीच शोधून आणले, तेही भंगाराच्या बाजारातून. ज्या बाजारात ते ट्रक विकणार होते, त्याच बाजारात ते महिनाभर फिरत होते.

मुलीने एकदा विचारले, “उस्ताद, इंजिन केव्हा चालू करायचे?”

“ब्रेक झाल्यावर,” उस्ताद म्हणाले. “बेटी, चालू झालेली गाडी थांबवता आली नाही, तर ती बंद असलेलीच बरी.”

आणि खरोखरच त्यांनी आधी सहा चाके उतरवली. ब्रेकचे पाइप बदलले, आतले रबरी वॉशर बदलले. टायर वरून चांगले दिसत होते, पण बाजूला भेगा पडल्या होत्या. ते सगळे टाकून दिले. या कामात सर्वांत जास्त पैसे गेले आणि बघणाऱ्याला त्यातले काहीच दिसले नाही. शेजारी विचारत, “अजून रंग नाही दिला?”

इंजिन चालू करण्याचा दिवस मी सांगितलाच पाहिजे. पेट्रोलच्या इंजिनात ठिणगी लागते. डिझेलच्या इंजिनात ठिणगी नसते. दट्ट्या हवा इतकी दाबतो, की ती पाचशे अंशांच्याही वर तापते. त्या हवेत डिझेलचा फवारा उडाला, की तो आपोआप पेट घेतो. पण नळीत हवेचा बुडबुडा राहिला तर फवारा उडत नाही. म्हणून उस्तादांनी आधी हातपंपाने नळीतील हवा काढली. मग त्यांनी चाचांच्या हातात एक लाकडी फळी दिली आणि हवा आत घेणाऱ्या तोंडाजवळ उभे केले. जुन्या पंपात कधी काही अडकते आणि इंजिन आपल्या मनाने पळू लागते. किल्ली फिरवून ते थांबत नाही. तेव्हा हवेचे तोंड फळीने दाबून बंद करावे लागते. चाचा फळी धरून असे उभे होते, की जणू समोर बैल सुटणार आहे.

पहिल्या वेळी फक्त पांढरा धूर आला. दुसऱ्या वेळी दोन ठोके पडले. तिसऱ्या वेळी इंजिन सुरू झाले. फळीची गरज पडली नाही, पण चाचांनी ती बराच वेळ खाली ठेवली नाही. अब्बांनी परभणीला फोन लावला आणि फुफीला नुसता आवाज ऐकवला.

इंजिनाला चार महिने लागले. कागदांना त्याहून जास्त. मालक वारला, तर तीस दिवसांत कार्यालयाला कळवावे आणि तीन महिन्यांत गाडी वारसाच्या नावावर करण्यासाठी नमुना ३१ मध्ये अर्ज करावा, असा नियम आहे. येथे तर तीन वर्षे उलटली होती. उशिराचा दंड भरला, तीन वर्षांचा राहिलेला करही भरला. जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी झाला. ट्रक त्याआधीचा, म्हणून त्याची मूळ नोंद तेव्हाच्या औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या कार्यालयात होती. तेथून नक्कल आणली. दादी, चाचा आणि फुफी यांनी संमती दिल्यावर ट्रक अब्बांच्या नावावर झाला. फुफीने सही करताना एक अट घातली. बॉनेटवरचा तारा कोणी विकायचा नाही.

आठ वर्षांपेक्षा जुन्या मालवाहू गाडीची दर वर्षी तपासणी होते आणि योग्यता प्रमाणपत्र मिळाले तरच ती रस्त्यावर येते. पर्यावरण कर वेगळा. २०२१ मध्ये केंद्र सरकारने पन्नास वर्षांपेक्षा जुन्या वाहनांच्या नोंदणीसाठी खास नियम केले. पण ते दुचाकी आणि मोटारगाड्यांसाठी आहेत, आणि अशा गाड्या रोजच्या कामाला वापरता येत नाहीत. कामाच्या ट्रकला अशी सवलत नाही. त्याला नव्या ट्रकबरोबर उभे राहून परीक्षा द्यावी लागते. दादांचा ट्रक पहिल्या परीक्षेत नापास झाला. मागचा एक दिवा लागत नव्हता. आठवड्याने तो पास झाला.

रंग शेवटी दिला. पेंटरने मागे ‘हॉर्न ओके प्लीज’ लिहायला ब्रश घेतला, तेव्हा मुलीने त्याला थांबवले. हे शब्द लिहायला महाराष्ट्रात २०१५ पासून बंदी आहे. त्या जागी त्याने कापसाचे बोंड काढले.

आता हा ट्रक लांब जात नाही आणि वेगातही जात नाही. अंबड, बदनापूर, परतूर अशा जवळच्या फेऱ्या करतो. पहिले भाडे काय मिळाले असेल? भंगार. परतूरहून जालन्याच्या भट्टीपर्यंत. मुलगी सुट्टी असल्यामुळे बरोबर गेली होती. कारखान्याच्या वजनकाट्यावर भरलेल्या ट्रकचे वजन झाले. माल उतरवल्यावर रिकाम्या ट्रकचे झाले. असे दोनदा केल्यावरच मालाचे वजन कळते. काट्यावरच्या माणसाने पावती चाचांच्या हातात दिली. त्यांनी रिकाम्या ट्रकचा आकडा पाहिला आणि मनातल्या मनात लोखंडाच्या भावाने त्याला गुणले.

“किती झाले?” मुलीने विचारले.

चाचांनी सांगितले नाही. पावतीची घडी करून त्यांनी ती खिशात ठेवली आणि घरी आल्यावर दादांच्या पेटीत टाकली.