टी पेशी तग कशा धरतात?

क्षयाचे जंतू आमच्या घोडपदेवसारख्या दाटीच्या वस्तीत कित्येकांच्या छातीत शिरलेले असतात. आजारी मात्र थोडेच पडतात. असे का, हे रुग्ण मला नेहमी विचारतात. याचे मोठे श्रेय टी पेशींना द्यावे लागेल.

छातीच्या हाडामागील थायमस ग्रंथीत तयार होणाऱ्या या पांढऱ्या पेशींवर रिसेप्टर असतात. हवे तर कान म्हणा. एका कानाने जंतूचा तुकडा ओळखला जातो, पण तेवढ्याने भागत नाही. जंतू गिळून त्याचा तुकडा दाखवणाऱ्या पेशीकडून सीडी-२८ या दुसऱ्या रिसेप्टरलाही होकार यावा लागतो. तो न आल्यास टी पेशी निपचित पडते किंवा मरते. आला, तर तिच्यात मरण रोखणारी प्रथिने वाढतात आणि एकीच्या हजारो होतात.

संसर्ग ओसरला की यांतील सुमारे ९० टक्के पेशी आपणहून मरतात. हे बरेच आहे. एवढी फौज कायम पोसली तर ती आपल्यावरच उलटायची. इंटरल्युकिन-७ या रसायनाचा रिसेप्टर ज्यांच्यावर भरपूर असतो, त्यांतील पुष्कळ तगतात व जंतूची आठवण वर्षानुवर्षे ठेवतात. लसीलाही या आठवणीचा आधार असतो. (शेजारच्या भायखळ्यात जानेवारी १८९७ मध्ये हाफकिन यांनी प्लेगची लस स्वतःला टोचून घेतली, तेव्हा टी पेशी हे नावही कोणी ऐकले नव्हते.)

क्षयाचे जंतू मात्र बहुधा पुरते मरत नाहीत, दडून राहतात. तेथे टी पेशींचा पहारा सतत लागतो. एचआयव्ही तो पहाराच मारतो, म्हणून प्रत्येक क्षयरुग्णाची ती तपासणी करतात. दुसरी गोष्ट स्टिरॉइडच्या गोळ्या. त्यांचा रिसेप्टर टी पेशीच्या आत असतो आणि जास्त मात्रेत तो मरणाचाच हुकूम देतो. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या ठरल्याप्रमाणे घ्याव्यात, एकदम बंद करू नयेत. पण जुनी चिठ्ठी दाखवून महिनोन्‌महिने त्याच गोळ्या आणणारे मी पाहतो. दुखणे थांबते, भूक लागते, चेहरा भरतो, माणूस खूष! आत दडलेला क्षय अशा वेळी डोके वर काढू शकतो.

अशा माणसाचा खोकला दोन आठवडे टिकला तर थुंकी तपासून घ्यावी. सरकारी व महापालिकेच्या दवाखान्यांत तपासणी व औषधे मोफत मिळतात. स्टिरॉइडमुळे ताप झाकला जातो, तेव्हा ‘ताप नाही’ यावर विसंबू नये.