पाहुणा सुखरूप घरी जावा

लग्नकार्य हा आपल्या समाजातील सर्वांत मोठा सोहळा होय. पूर्वी खेड्यात लग्न निघाले म्हणजे ते एका घराचे राहत नसे. सारा गाव त्यात गुंतून जाई. दारापुढे मांडव पडे. कोणी पाण्याची पिंपे भरी, कोणी चुलवण पेटवी, कोणी पंगतीत वाढी. पाहुण्यांच्या बैलांना वैरण मिळाली की नाही, हे पाहण्यासाठीही एखादा माणूस नेमलेला असे. यजमान स्वतः शेवटच्या पंगतीला बसे. त्या मांडवाला भिंती नसत. काही विपरीत घडलेच, तर माणसे चहूबाजूंनी मोकळ्या जागेत जाऊ शकत.

पुणे जिल्ह्यातील पिंपरी-चिंचवड आणि चाकण या पट्ट्यात हे चित्र आता पार बदलले आहे. १९५४ साली पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स हा औषधांचा कारखाना उभा राहिला. पुढे महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने येथे वसाहती वसवल्या आणि यंत्रांचे, मोटारींचे कारखाने एकामागून एक आले. मराठवाडा, विदर्भ, खानदेश अशा दूरदूरच्या मुलखांतून माणसे पोटासाठी येथे आली आणि येथलीच झाली. त्यांची घरे लहान, अंगण नाही. मग मांडव कोठे घालावा? साहजिकच लग्ने मंगल कार्यालयांत होऊ लागली. पुणे-नाशिक महामार्गावरील भोसरी, मोशी, चाकण या गावांतून जाताना ठिकठिकाणी रोषणाई केलेली कार्यालये दिसतात. आळंदीस तर दूरदूरची मंडळी मुद्दाम लग्न लावण्यासाठी येतात.

मंगल कार्यालयामुळे यजमानाचे श्रम वाचले, हे खरे. पण एक गोष्ट नकळत हरवली. कार्यालयात जागा एकाची असते, सजावट दुसऱ्याची, स्वयंपाक तिसऱ्याचा आणि दिव्यांची व्यवस्था चौथ्याची. प्रत्येकजण आपापले काम पार पाडतो. परंतु या सर्वांवर मिळून नजर ठेवणारा कोणी असतोच असे नाही. यजमानालाही ती इमारत नवखी आणि पाहुण्यालाही नवखी. मागचे दार कोठे उघडते, हे शेकडो माणसांपैकी क्वचितच कोणाला ठाऊक असते.

या अज्ञानाची किंमत किती मोठी असते, हे आपल्या देशाने पाहिले आहे. हरियाणातील डबवाली या गावी २३ डिसेंबर १९९५ रोजी एका शाळेचा वार्षिक समारंभ लग्नसमारंभांसाठी बांधलेल्या कार्यालयात चालू होता. वर कृत्रिम धाग्यांच्या कापडाचा मांडव होता. त्याला आग लागली आणि ते जळते कापड खाली बसलेल्या माणसांवर कोसळले. बाहेर पडण्याचा मार्ग गर्दीच्या मानाने अपुरा होता. अवघ्या काही मिनिटांत चारशेहून अधिक जीव गेले. त्यांत शाळकरी मुलांची संख्या मोठी होती. पुढे २३ जानेवारी २००४ रोजी तामिळनाडूतील श्रीरंगम येथे लग्नाच्या मांडवाचे छप्पर विजेच्या ठिणगीने पेटले. त्या आगीत खुद्द नवरदेवासह पन्नासांहून अधिक माणसे दगावली. इराकमधील काराकोश येथे २६ सप्टेंबर २०२३ रोजी बंदिस्त दालनात लग्नासाठी शोभेची दारू उडवण्यात आली. तिच्या ठिणग्या छतापर्यंत पोहोचल्या आणि आनंदाचा प्रसंग क्षणात शोकाचा झाला.

तीन देशकाल वेगळे, पण कारणे एकाच जातीची आहेत. सुंदर दिसणारे पडदे आणि कृत्रिम फुले लवकर पेट घेतात. सजावटीच्या दिव्यांसाठी एकाच तारेवर भार वाढत जातो, तार तापते आणि तिचे वेष्टन वितळते. आग दिसण्यापूर्वीच धूर दालनभर पसरतो. गोंधळात माणूस ज्या दाराने आत आला, त्याच दाराकडे धावतो. दुसरे दार दहा पावलांवर असले, तरी त्याच्यापुढे खुर्च्यांची चळत रचलेली असेल किंवा त्याला कुलूप असेल, तर ते दार असून नसल्यासारखेच होय.

येथे एक विलक्षण गोष्ट ध्यानात येते. या पट्ट्यातील हजारो कुटुंबांतील कोणी ना कोणी कारखान्यात काम करते. कारखान्यात वाटेवर पिवळे पट्टे आखलेले असतात आणि त्या वाटेवर कोणी सामान ठेवत नाही. भोंगा वाजला म्हणजे कोणत्या दाराने बाहेर पडावे व कोठे जमावे, याचा सराव वेळोवेळी होतो. ४ मार्च १९६६ रोजी राष्ट्रीय सुरक्षा परिषदेची स्थापना झाली. त्या दिवसाच्या स्मरणार्थ दरवर्षी कारखान्यांतून सुरक्षा दिन पाळला जातो आणि कामगार शपथ घेतात. असा दक्ष कामगार मुलीच्या लग्नात मात्र व्यासपीठामागच्या दाराला पडदा ठोकलेला पाहतो आणि काही बोलत नाही. यंत्राजवळ जी सावधगिरी तो स्वतःसाठी बाळगतो, ती पाहुण्यांसाठी बाळगावी, असे त्याला सुचत नाही. सावधगिरी हा कारखान्याच्या फाटकात काढून ठेवण्याचा पोशाख नव्हे.

कायद्यानेही ही जबाबदारी स्पष्ट केली आहे. महाराष्ट्रात २००६ साली आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम झाला. त्यानुसार अशा इमारतीच्या मालकाने वा भोगवटादाराने आग विझवण्याची साधने सुस्थितीत ठेवावयाची असतात आणि दरवर्षी जानेवारी व जुलै महिन्यांत परवानाधारक संस्थेचे तसे प्रमाणपत्र सादर करावयाचे असते. म्हणून कार्यालय ठरवताना भाडे आणि ताटाचा दर विचारणारा यजमान हे प्रमाणपत्रही पाहू शकतो. तो त्याचा अधिकार आहे आणि पाहुण्यांप्रती कर्तव्यही आहे.

सुरक्षितता केवळ आगीपुरती नसते. कार्यालयाचे खरे हृदय म्हणजे स्वयंपाकघर. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असल्यामुळे गळती झाली म्हणजे तो जमिनीलगत साचतो. अशा वेळी दिव्याचे बटणही दाबू नये. दारे-खिडक्या उघडून टाकीचा पुरवठा बंद करावा आणि बाहेर पडावे. अन्नाचीही काळजी तितकीच महत्त्वाची. दुधाचे पदार्थ, शिजवलेला भात, भाज्या ही उन्हाळ्याच्या दिवसांत तासन्तास उघडी राहिली, तर त्यांत रोगजंतू झपाट्याने वाढतात. काही जंतूंनी सोडलेले विष पुन्हा उकळल्यानेही नष्ट होत नाही. म्हणून गरम अन्न ६० अंश सेल्सिअसहून अधिक तापमानात आणि थंड अन्न ५ अंशांहून कमी तापमानात ठेवावे, असा नियम आहे. चांगला आचारी बासुंदी किती गोड झाली एवढेच पाहत नाही. ती केव्हा आटवली आणि कोठे ठेवली, हेही पाहतो.

तिसरा धोका कार्यालयाच्या दाराबाहेर उभा असतो. चाकणच्या रस्त्यांवर दिवसरात्र मालमोटारी धावतात. वरात रस्त्यावर आली, वाजंत्री वाजू लागली, मुले नाचू लागली, म्हणजे मागून येणाऱ्या वाहनाचा आवाजही कानी पडत नाही. वाहने लावण्यास आवारात पुरेशी जागा असावी, रस्ता ओलांडणाऱ्या वृद्धांचा हात धरणारे कोणी असावे आणि वरात शक्यतो आवारातच फिरावी. एवढ्याने शोभा कमी होत नाही.

ज्या कार्यालयात माणसांची कदर असते, तेथे हे सारे न मागता मिळते. तेथील व्यवस्थापक अक्षता पडण्यापूर्वी ध्वनिक्षेपकावरून बाहेर पडण्याची दारे कोठे आहेत ते सांगतो. तो सगळी दारे स्वतः उघडून पाहतो, मर्यादेपलीकडे माणसे आत घेत नाही, उन्हाने घेरी आलेल्या आजीबाईंसाठी पाणी आणि शांत खोली तयार ठेवतो. अग्निशमन दलाचा १०१, रुग्णवाहिकेचा १०८ आणि सर्व संकटांसाठीचा ११२ हे क्रमांक तेथे भिंतीवर ठळक लिहिलेले असतात. यजमानाला पैशाची पावती व ठरलेल्या गोष्टींचा लेखी करार मिळतो आणि तक्रार केली, तर ती शांतपणे ऐकून घेतली जाते. अशी वागणूक ही मेहेरबानी नव्हे. पैसे मोजणाऱ्या ग्राहकाचा तो हक्क १९८६ साली आपल्या देशात कायद्याने मान्य झाला आणि २०१९ च्या नव्या कायद्याने तो अधिक बळकट केला.

तरीही सर्व भार मालकावर आणि कायद्यावर टाकून चालत नाही. लग्नाला गेलेला शाळकरी मुलगाही बसण्यापूर्वी दोन दारे हेरून ठेवू शकतो. वाटेतली खुर्ची बाजूला सारू शकतो, उघडी तार दिसली तर मोठ्यांना सांगू शकतो. धूर दिसला, तर तोंडावर कापड धरून खाली वाकून चालावे, हे लहान भावंडांना शिकवू शकतो. या गोष्टींना पैसा लागत नाही. फक्त लक्ष लागते.

आपण अतिथीला देव मानतो. त्याच्या कपाळी गंध लावतो, अंगावर अत्तर शिंपडतो, आग्रहाने वाढतो. पण आतिथ्याची खरी कसोटी ताटापाशी संपत नाही. रात्री उशिरा शेवटचा पाहुणा आपल्या घराची कडी वाजवतो आणि आतून त्याची मुले धावत येऊन दार उघडतात, तेव्हाच ते कार्य सिद्धीस गेले असे म्हणावे.