कावीळ झाली म्हणून सांगू नकोस

डिफॉल्टर लिस्ट लागली का गं तुमच्या कॉलेजात? परीक्षा तोंडावर आली की लागतेच. बोरिवली असो नाहीतर मुलुंड, नोटीस बोर्डाच्या काचेआड तीच कागदांची चळत, रोल नंबरासमोर हजेरीचे टक्के आणि खाली प्राचार्यांची सही. त्यात आपलं नाव दिसलं की पोटात गोळा येतो. पण जिला कित्येक दिवस सकाळी अंथरुणातून उठणंच जमत नाहीये, तिला तो गोळासुद्धा येत नाही. ती यादी बघते आणि निघून जाते. मला आज तिच्याशी बोलायचंय. ती तू असशील, किंवा तुझ्या बाकावर हल्ली दिसेनाशी झालेली तुझी मैत्रीण.

मी उपनगरातल्या एका कॉलेजात शिकवते आणि हजेरीच्या समितीवर बसते. म्हणजे टेबलाच्या त्या बाजूला. तिथून काय दिसतं ते तुम्हाला कुणी सांगत नाही, म्हणून मी सांगते. प्लॅस्टिकच्या फोल्डरात मेडिकल घेऊन मुलं रांगेत उभी असतात. कावीळ, टायफॉइड, व्हायरल. त्यातली बरीचशी घराजवळच्या डॉक्टरकाकांनी ओळखीखातर दिलेली, मागच्या तारखेची, बरोब्बर गैरहजेरीचे दिवस झाकणारी. आम्ही काही दुधखुळे नाही. एका दुपारी अशा चार काविळी येऊन गेल्या की पाचवीकडे कोण विश्वासानं बघणार?

आणि नेमकी पाचवी जी असते ना, तिला कावीळ नसतेच. ती स्वतःच्या नखांकडे बघत बसते. सर विचारतात तिला, उत्तर देते आई. ‘अशक्तपणा आहे हो फार.’ सर कागद उलटसुलट करतात, रक्ताचा रिपोर्ट मागतात, तो नसतो. अर्ज बाजूला पडतो. मग कॉरिडॉरमध्ये आई मला गाठते आणि खालच्या आवाजात म्हणते, ‘मॅडम, रात्र रात्र झोपत नाही ही. जेवत नाही. मोठ्या डॉक्टरांना दाखवलंय, गोळ्या चालू आहेत. पण ते असं कागदावर कसं आणायचं? उद्या लग्नाच्या वेळी कुणी काढलं म्हणजे?’ खरा केस पेपर आईच्या पर्समध्ये घडी घालून ठेवलेला असतो. आत टेबलावर गेलेला असतो तो खोटा.

सांग आता, याला काय म्हणायचं? खरं दुखणं लपवायला खोटं दुखणं आणायचं, ते पकडलं जायचं, आणि वर ‘खोटं सर्टिफिकेट दिलं’ हा नवा ठपका घ्यायचा. हे दरवर्षी होतं, आणि दरवर्षी माझा जीव जळतो.

नियम काय आहे ते ऐक. मुंबई विद्यापीठात 75 टक्के हजेरीची अट आहे. त्याच नियमात आजारपणासारख्या खऱ्या कारणासाठी, डॉक्टरांच्या दाखल्यावर, सूट द्यायची सोयही आहे. तो आजार यकृताचाच हवा असं त्यात कुठंही म्हटलेलं नाही. उलट 2017 चा मानसिक आरोग्यसेवा कायदा, जो मे 2018 पासून लागू आहे, तो सांगतो की आरोग्यसेवेच्या बाबतीत मनाच्या आजाराला शरीराच्या आजाराच्या बरोबरीनंच वागवायचं. मानसोपचारतज्ज्ञ हा डॉक्टरच. त्याचा दाखला ओळखीतल्या काविळीपेक्षा शंभर पटीनं वजनदार असतो, कारण मागे केस पेपर असतो, तारखा असतात, औषधं असतात.

‘पण ताई, सगळ्या कॉलेजला कळेल ना.’ माहितीये, खरी भीती ती आहे. त्याच कायद्यात तुझी माहिती गुप्त ठेवण्याचा तुझा हक्क लिहिलेला आहे. डॉक्टरांना स्पष्ट सांग, कॉलेजसाठी दाखला हवाय, त्यात एवढंच लिहा की अमुक तारखेपासून वैद्यकीय उपचार चालू आहेत आणि या काळात नियमित हजेरी शक्य नव्हती. आमच्या टेबलावर तरी एवढं पुरतं. कुणी खोदून विचारलंच तर ‘डॉक्टरांचं पत्र जोडलंय’ म्हणून थांबायचं. आणि तो दाखला वर्गशिक्षकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकायचा नाही, बंद पाकिटातून समितीकडे द्यायचा. पोरं घाईत ग्रुपवर टाकतात गं, मग गावभर होतं.

डॉक्टर कुठं गाठायचा? पैशांची अडचण असेल तर महापालिकेची रुग्णालयं आहेत. अंधेरीकडच्यांना कूपर, घाटकोपरकडच्यांना शीव. दोन्हीकडे मेडिकल कॉलेज आहे, मानसोपचार विभाग आहे. रांग लागते, बाकावर बसावं लागतं, सकाळ जाते. जाऊ दे. मुलुंडच्या पोरींना आणखी एक सोय आहे, आणि तिचंच नाव घ्यायला त्या लाजतात: ठाणे. ‘हिला ठाण्याला पाठवा’ हा विनोद ऐकत आपण सगळ्याच वाढलोय, 1901 पासून तिथं मनोरुग्णालय आहे म्हणून. त्याच ठाण्यात 1990 पासून डॉ. आनंद नाडकर्णींची आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था आहे, आणि आपल्यासारख्या घरातली किती माणसं तिथं निमूट जाऊन बरी होऊन आलीत ते कुणी विनोदात सांगत नाही.

आता कॉलेजातल्या काउन्सिलरचं. सर्वोच्च न्यायालयानं 25 जुलै 2025 रोजी, विशाखापट्टणममध्ये नीटची तयारी करणाऱ्या एका सतरा वर्षांच्या मुलीच्या मृत्यूच्या प्रकरणात, देशभरच्या शिक्षणसंस्थांना सूचना दिल्या. शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असतील तर निदान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमायलाच हवा. मार्कांवरून चारचौघांत अपमान करायचा नाही. हेल्पलाइनचे नंबर भिंतीवर दिसतील असे लावायचे. कागदावर उत्तम. प्रत्यक्षात कुठं कुठं काउन्सिलर म्हणजे जिमखान्याशेजारच्या खोलीत आठवड्यातून एकदा येणारी एक मुलगी, आणि खोलीत निम्म्या तुटक्या खुर्च्या. (10 ऑक्टोबरला मानसिक आरोग्य दिनाची रांगोळी मात्र चुकत नाही.) तरी जा तिच्याकडे. पहिल्याच दिवशी विचार, मी बोलेन ते कुणाकुणाला कळेल? जिवाला धोका वाटला तर ती इतरांना सांगणार, एवढं मात्र धरून चाल, आणि ते योग्यही आहे.

एक गोष्ट मात्र मुलींच्या लक्षातच येत नाही. काउन्सिलरला माहीत आहे म्हणजे कॉलेजला माहीत आहे असं नसतं. ती आपलं गुपित राखते, म्हणून समितीला काही कळत नाही. इकडे समुपदेशन चालू आणि तिकडे शिस्तीची नोटीस निघालेली, असं एकाच मुलीच्या बाबतीत एकाच आठवड्यात घडतं, आणि दोघांपैकी कुणाचीच चूक नसते. मधला कागद तुलाच न्यावा लागतो. तो नोटीस निघायच्या आधी गेला तर कारण ठरतो, नंतर गेला तर सबब वाटतो. अन्याय आहे, पण टेबलाच्या त्या बाजूला असंच दिसतं.

शिस्त नकोच असं मी म्हणणार नाही. कॉपी करताना सापडलीस तर आजार ती कॉपी पुसून टाकत नाही. शिक्षा कमी व्हावी, एका विषयापुरती राहावी, वर्ष जाऊ नये, एवढ्यासाठी तो कागद उपयोगी पडतो. चौकशीला जाताना तो ने, आणि सोबत कुणाला आणू द्याल का ते आधी विचार. शिस्तीची गरज कुठं असते आणि ती लावली कुठं जाते, हा खरा प्रश्न आहे. डॉ. पायल तडवी आठवते? जळगावची, आदिवासी समाजातली, नायर रुग्णालयात एमडी करणारी. सीनियर छळतात अशी तक्रार आईनं आधीच केली होती असं घरच्यांचं म्हणणं आहे. 22 मे 2019 ला पायल गेली. तिथं शिस्त लागायला हवी होती ती छळणाऱ्यांना. आणि पवईच्या आयआयटीत फेब्रुवारी 2023 मध्ये पहिल्या वर्षाचा मुलगा गेल्यावर संस्थेनं, एकमेकांना प्रवेश परीक्षेतला रँक विचारू नका, असं पोरांना लेखी कळवलं. इतकी साधी सूचना, पण ती यायला एक जीव जावा लागला. 2022 साली देशात 13,044 विद्यार्थ्यांनी जीव दिल्याची सरकारी नोंद आहे, त्यात 1,764 एकट्या महाराष्ट्रातले, सगळ्या राज्यांत जास्त.

हजेरीवरूनही जीव गेलेत. 2016 मध्ये दिल्लीत लॉ शिकणाऱ्या एका मुलाला हजेरी कमी म्हणून परीक्षेला बसू दिलं नव्हतं, त्यानं जीव दिला. त्या प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयानं नोव्हेंबर 2025 मध्ये सांगितलं की लॉच्या विद्यार्थ्याला केवळ हजेरीसाठी परीक्षेपासून रोखू नका. तो निकाल लॉपुरता आहे, तुझ्या बीकॉमला जशाच्या तसा लागत नाही. पण कोर्ट कुठल्या बाजूला बघतंय ते आमच्या प्राचार्यांनाही दिसतं.

‘पालकांना घेऊन ये’ म्हटल्यावर हातपाय गळतात ना? घरीच कळत नसेल, किंवा घरातच दुखण्याचं मूळ असेल, तर हे सांगायला कुणी नसतं म्हणून सांगते: अठरा पूर्ण झाली असतील तर उपचारांच्या बाबतीत आपला प्रतिनिधी तू स्वतः नेमू शकतेस. साध्या कागदावर लिहून सही करायची. आईवडीलच हवेत असं नाही, मावशी चालेल, सज्ञान मैत्रीण चालेल. कॉलेजातही त्या मावशीला घेऊन गेलीस तर बहुतेक सर ऐकून घेतात.

चौकशीच्या खोलीत एखादा कागद पुढे सरकवला तर नीट वाच. ‘यापुढे असे होणार नाही’ अशी अंडरटेकिंग एकवेळ ठीक. ‘मी स्वेच्छेने प्रवेश रद्द करत आहे’ असं काही दिसलं तर तिथं सही करायची नाही, प्रत माग आणि घरी जाऊन वाच. आमची लोकं वाईट नसतात गं, घाबरलेली असतात. आपल्या आवारात काही झालं तर काय, या भीतीनं त्यांना मुलगी लवकरात लवकर घरी गेलेली हवी असते. सुट्टी घ्यायची गरज असेल तर जरूर घे, नव्या शैक्षणिक धोरणात मिळवलेले क्रेडिट बँकेत राहतात, परत येता येतं. पण ते डॉक्टरांनी ठरवावं, घाबरलेल्या ऑफिसनं नाही. कुणी ऐकलंच नाही तर यूजीसीच्या 2023 च्या नियमांप्रमाणे तक्रार निवारण समिती आहे, तिच्यावर विद्यापीठाचा लोकपाल आहे.

आणि जिनं स्वतःला इजा करायचा प्रयत्न केला असेल, तिला ‘पोलिस केस होईल’ म्हणून गप्प बसवणारे भेटतील. त्यांना सांग, 2017 च्या कायद्यात अशी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असंच धरायचं आहे, आणि जुलै 2024 पासून लागू झालेल्या न्याय संहितेत, आत्महत्येच्या प्रयत्नाला गुन्हा ठरवणारं जुनं 309 कलम उरलेलं नाही.

आजची रात्रच जड जात असेल तर हे सगळं राहू दे. 14416 फिरव. टेली मानस, सरकारी, फुकट, रात्रीसुद्धा, मराठीत बोलतात. मैत्रिणीची काळजी वाटत असेल तर तिला सरळ विचार, ‘जीव द्यावासा वाटतोय का?’ विचारल्यानं मनात येतं हा खुळा समज आहे. हो म्हणाली तर तिला एकटी सोडू नकोस, तिच्याबरोबर हॉस्पिटलात जा. लेक्चर बुडलं तर बुडू दे, तुझी हजेरी मी बघते.

अर्ज मात्र या आठवड्यातच दे, समितीची तारीख लागायच्या आधी. दोन प्रती काढ. एक ऑफिसात, दुसरीवर शिक्का आणि तारखेसह पोच. खिडकीतले ‘पोच देत नाही आम्ही’ म्हणतील. तरी माग.