मृतांची गणती : आयर्लंडमधील पंथीय संघर्ष आणि साहित्याची साक्ष

१

भारतीय वाचकाला आयर्लंडची ओळख झाली ती प्रामुख्याने स्वातंत्र्यलढ्याच्या संदर्भात. १९१६ साली लोकमान्य टिळक आणि ॲनी बेझंट यांनी स्थापन केलेल्या होमरूल संघांचे नावच मुळी आयर्लंडच्या राजकारणातून उचललेले होते. बलाढ्य साम्राज्याशी झुंजणारे एक लहान राष्ट्र, अशी आयर्लंडची प्रतिमा त्या काळात रूढ झाली. ही प्रतिमा खोटी नाही. पण ती अपुरी आहे. त्याच भूमीवर, त्याच शतकांत, शेजाऱ्याने शेजाऱ्याला ठार मारल्याचा दुसरा एक इतिहास घडत होता, आणि तो साम्राज्यविरोधी लढ्याच्या कथेत सहजासहजी सामावत नाही.

कॅथॉलिक आणि प्रॉटेस्टंट यांच्यातील या संघर्षाला ‘पंथीय’ म्हणण्याचा प्रघात असला, तरी तो धर्मतत्त्वांवरून उद्भवलेला वाद नव्हे. १६०९ पासून अल्स्टर प्रांतातील जप्त केलेल्या जमिनी स्कॉटलंड व इंग्लंड येथून आणलेल्या प्रॉटेस्टंट वसाहतकारांना देण्यात आल्या. तेव्हापासून पंथ ही जमिनीच्या मालकीची, राजनिष्ठेची आणि भयाची खूण बनली. कोण कोणत्या प्रार्थनामंदिरात जातो यावरून त्याच्या पूर्वजांनी काय गमावले अथवा काय मिळवले हे ओळखले जाऊ लागले.

अशा संघर्षात मृतांची संख्या ही केवळ परिणामाची नोंद राहत नाही. पुढल्या हत्येचे ती कारण होते. आपले मृत बोटांवर मोजायचे, त्यांची नावे तोंडपाठ करायची, आणि समोरच्यांचे मृत मात्र मोजणीबाहेर ठेवायचे, ही सवय दोन्ही समाजांना जडली. या एकाक्ष गणतीशी आयरिश साहित्याने कोणता व्यवहार केला, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

२

१६४१ च्या ऑक्टोबरमध्ये अल्स्टरमधील कॅथॉलिकांनी उठाव केला. वसाहतकारांना घरांतून हाकलण्यात आले. अनेकांची अंगावरची वस्त्रेसुद्धा काढून घेण्यात आली आणि ऐन थंडीत त्यांना वाट धरावी लागली. पोर्टाडाउन येथे सुमारे शंभर स्त्री-पुरुष-मुलांना पुलावरून नदीत लोटून बुडविण्यात आले. जिवंत राहून डब्लिनला पोहोचलेल्यांच्या जबान्या नोंदविण्यासाठी सरकारने आयोग नेमला. एकतीस खंडांत बांधलेल्या त्या हजारो जबान्या डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात आजही जतन केलेल्या आहेत. त्यांत किती गुरे गेली, किती धान्य गेले, नवरा कोठे पडला, मूल वाटेत केव्हा गारठून मेले, हे सारे एकाच ओघात नोंदलेले आढळते. सामान्य स्त्रियांचा शब्द इतक्या मोठ्या प्रमाणावर जपून ठेवणारे सतराव्या शतकातील दप्तर विरळाच.

परंतु या दप्तराचा उपयोग कसा झाला, हे अधिक महत्त्वाचे आहे. १६४६ साली सर जॉन टेंपल यांनी या जबान्यांच्या आधारे उठावाचा इतिहास प्रसिद्ध केला आणि मारले गेलेल्या, अन्य प्रकारे नाश पावलेल्या व परागंदा झालेल्या प्रॉटेस्टंटांची एकत्रित संख्या तीन लाखांवर नेऊन ठेवली. अल्स्टरमध्ये तेवढे वसाहतकार मुळात नव्हतेच. आजचे इतिहासकार प्रत्यक्ष मृतांची संख्या काही हजारांत धरतात. काही हजार ही थोडी संख्या नव्हे. पण सूडाला ती पुरेशी वाटली नाही. १६४९ च्या सप्टेंबरात क्रॉमवेलच्या सैन्याने ड्रॉहेडा येथे शरण आलेल्या सैनिकांची, तसेच धर्मगुरूंची व काही नागरिकांची कत्तल केली, तेव्हा तिचे समर्थन १६४१ च्या रक्ताच्या नावाने करण्यात आले. ड्रॉहेड्याच्या शिबंदीत इंग्लंडच्या राजाचे इंग्रज सैनिकही मोठ्या संख्येने होते. १६४१ च्या उठावाशी त्यांचा काडीचा संबंध नव्हता. मृतांचा फुगवलेला आकडा नव्या मृतांना जन्म देतो, याचे याहून स्पष्ट उदाहरण सापडणे कठीण.

पुढे प्रत्येक अरिष्टाच्या वेळी टेंपल यांचा ग्रंथ पुन्हा छापला गेला. इकडे कॅथॉलिक स्मृतीत क्रॉमवेल हे नाव शाप म्हणून रुजले. दोन्ही समाजांच्या हाती एकेक हिशेबवही आली आणि दोन्ही वह्यांत केवळ येणे बाकी मांडलेली होती.

३

ही कोंडी फोडण्याचा मोठा प्रयत्न ‘युनायटेड आयरिशमेन’ या संघटनेने केला. तिच्या संस्थापकांत वुल्फ टोन यांच्यासारखे प्रॉटेस्टंट अग्रभागी होते आणि पंथभेद पुसून एकच आयरिश नागरिकत्व निर्माण करणे हे तिचे ध्येय होते. १७९८ च्या उठावात वेक्सफर्ड परगण्यात मात्र या ध्येयाची भीषण विटंबना झाली. ५ जून रोजी न्यू रॉसच्या लढाईत बंडखोरांची कत्तल होत असताना जवळच्या स्कलाबोग येथे त्यांच्याच बाजूच्या लोकांनी शंभराहून अधिक बंदिवानांना मारले. त्यांतील बहुसंख्यांना एका धान्यकोठारात कोंडून आग लावण्यात आली. मृतांत प्रामुख्याने प्रॉटेस्टंट होते, पण काही कॅथॉलिकही होते. जमाव एकदा गणती करू लागला की त्याला आपली माणसेही ओळखू येत नाहीत.

१९२० च्या कायद्याने आयर्लंडची फाळणी झाली. १९२० ते १९२२ या काळात बेलफास्ट शहरात जवळपास पाचशे माणसे मारली गेली. शहरात कॅथॉलिकांचे प्रमाण सुमारे एक चतुर्थांश होते; मृतांत मात्र त्यांचीच संख्या अधिक होती. गोदीतून हजारो कॅथॉलिक कामगारांना हाकलून देण्यात आले. त्यांच्याबरोबर समाजवादी विचारांच्या अनेक प्रॉटेस्टंट कामगारांवरही ‘नासके’ असा शिक्का मारून त्यांना बाहेर काढण्यात आले.

दक्षिणेत याच सुमारास स्वातंत्र्याच्या तहावरून यादवी युद्ध पेटले. ते पंथीय नव्हते. परंतु मृतांची वाटणी करण्याची वृत्ती तेथेही तीच होती. त्या युद्धाची पार्श्वभूमी घेऊन शॉन ओकेसी यांनी ‘जूनो अँड द पेकॉक’ हे नाटक लिहिले. १९२४ साली ते ॲबी थिएटरमध्ये प्रथम सादर झाले. डब्लिनच्या एका चाळवजा इमारतीत शेजारच्या टँक्रेडबाईंचा तरुण मुलगा मारला जातो. त्याची अंत्ययात्रा जिन्यावरून जात असताना बॉइल कुटुंबात मेजवानी चाललेली असते. शोक करणाऱ्या त्या आईचे सांत्वन करताना जूनोच्या मनाच्या तळाशी एक विचार असतोच : मुलगा शेवटी विरुद्ध पक्षाचा होता. तिसऱ्या अंकात जूनोचाच मुलगा मारला जातो. तेव्हा ती शेजारणीचे विलापाचे शब्द जवळजवळ जसेच्या तसे उच्चारते आणि आपण त्या वेळी पुरेसे रडलो नाही याची कबुली देते. एका आईचा शोक दुसऱ्या आईच्या मुखी देण्याच्या या साध्या युक्तीत नाटकाचे सारे सामर्थ्य आहे. हिशेबवहीत दोन वेगळ्या पानांवर लिहिलेले मृत्यू येथे प्रथमच एका पानावर येतात.

४

१९६८ पासून १९९८ पर्यंत चाललेल्या उत्तर आयर्लंडमधील संघर्षात साडेतीन हजारांहून अधिक माणसे मृत्यू पावली आणि सुमारे ४७ हजार जखमी झाली. त्या प्रदेशाची लोकसंख्या तेव्हा जेमतेम पंधरा लाख होती, हे लक्षात घेतले म्हणजे या आकड्यांचे वजन कळते. मृतांपैकी निम्म्याहून अधिक सामान्य नागरिक होते. सुमारे साठ टक्के मृत्यूंची जबाबदारी आयआरए आदी प्रजासत्ताकवादी संघटनांवर, तीस टक्क्यांच्या आसपास ब्रिटननिष्ठ सशस्त्र गटांवर आणि दहा टक्क्यांच्या आसपास ब्रिटिश व स्थानिक सुरक्षादलांवर येते. कोणताही पक्ष ही तिन्ही प्रमाणे एका दमात उच्चारत नाही.

३० जानेवारी १९७२ रोजी डेरी शहरात नागरी हक्कांसाठी निघालेल्या मोर्चावर ब्रिटिश सैनिकांनी गोळीबार केला. तेरा माणसे त्याच दिवशी मरण पावली, चौदावा नंतर. त्याच वर्षी एप्रिलमध्ये प्रसिद्ध झालेल्या पहिल्या चौकशी अहवालाने सैनिकांना बव्हंशी दोषमुक्त केले. मृत निरपराध होते हे राज्यसंस्थेने मान्य करण्यासाठी १५ जून २०१० हा दिवस उजाडावा लागला. मुलाच्या नावावरचा कलंक पुसला जाण्याची वाट पाहत अनेक आईबाप त्या अडतीस वर्षांत निवर्तले. मनुष्यहानीच्या कोणत्याही तक्त्यात या प्रतीक्षेला रकाना नसतो.

नाटककार ब्रायन फ्रील त्या मोर्चात स्वतः सहभागी झाले होते. १९७३ साली रंगभूमीवर आलेल्या ‘द फ्रीडम ऑफ द सिटी’ या त्यांच्या नाटकाचा आरंभच तीन मृतदेहांनी होतो. अश्रुधुरापासून बचाव करण्यासाठी तिघे सामान्य नागरिक योगायोगाने नगरभवनातील महापौरांच्या दालनात शिरतात आणि बाहेर पडताना मारले जातात. त्यांतील एक स्त्री अकरा मुलांची आई आहे. मृत्यूनंतर त्यांच्याविषयी सगळे बोलतात : न्यायाधीश, लष्कराचा प्रवक्ता, धर्मगुरू, समाजशास्त्रज्ञ आणि पोवाडे गाणारा शाहीर. लष्कराच्या मते आत चाळीसपर्यंत बंदूकधारी असतात. शाहिराच्या गाण्यात ते शंभर वीर होतात. प्रत्यक्षात आत तिघेच असतात, आणि ते आपल्या संसाराच्या, नोकरीच्या गोष्टी बोलत असतात. शत्रूचा आकडा आणि मित्राचा आकडा दोन्ही त्या तिघांना सारखेच पुसून टाकतात, हे फ्रील यांनी दाखविलेले सत्य टेंपल यांच्या तीन लाखांपर्यंत मागे जाऊन भिडते.

५

१९७६ च्या जानेवारीतील दोन दिवस या संपूर्ण इतिहासाचे सार सांगतात. ४ तारखेस आरमा व डाउन परगण्यांतील दोन कॅथॉलिक घरांत शिरून ब्रिटननिष्ठ बंदूकधाऱ्यांनी गोळीबार केला. त्यात सहा माणसांचा बळी गेला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी किंग्जमिल येथे कापडगिरणीच्या कामगारांना घरी नेणारी छोटी बस अडविण्यात आली. त्यांच्यात कॅथॉलिक कोण, असे विचारण्यात आले. एकच होता, त्याला बाजूला काढून उरलेल्या अकरा प्रॉटेस्टंटांवर गोळ्या झाडण्यात आल्या. दहा जण मेले, एक वाचला.

या हत्याकांडावर मायकेल लाँगली यांनी लिहिलेली कविता ‘रीद्स’ या तीन कवितांच्या मालिकेत असून ती १९७९ च्या ‘द एको गेट’ या संग्रहात समाविष्ट आहे. कवी बंदुकांचे वा कारणांचे नावही काढत नाही. रस्त्यावर पडलेले चष्मे, पाकिटे, सुटे पैसे आणि दातांची कवळी एवढेच त्यांना दिसते, आणि कवळीवरून त्यांना आपले मृत वडील आठवतात. मृताला हुतात्मा न करता माणूस म्हणून परत आणण्याची ही रीत आहे. ज्याला कवळी लागत होती तो कोणत्याही ध्वजाचे प्रतीक होऊ शकत नाही.

शेमस हीनी यांनी याहून कठीण प्रश्न उभा केला. १९७५ च्या ऑगस्टमध्ये त्यांच्या नात्यातील एक तरुण भाऊ डब्लिनहून सामना पाहून परतताना मारला गेला. ‘फील्ड वर्क’ (१९७९) या संग्रहातील विलापिकेत कवी त्या भावाचे रक्ताने माखलेले मुख दवाने आणि शेवाळाने पुसतो. कविता अतिशय सुंदर आहे. पाच वर्षांनी ‘स्टेशन आयलंड’ (१९८४) या दीर्घ कवितेत तोच भाऊ छायारूपाने अवतरतो आणि कवीला जाब विचारतो : माझ्या मरणातील कुरूपता तू झाकलीस, त्यावर सौंदर्याचा साज चढविलास. आपल्याच यशस्वी कवितेवर मृताच्या तोंडून असा आरोप वदविणारे कवी थोडेच. संख्या मृताला पुसते हे इतरांनी सांगितले होते. सौंदर्यही त्याला पुसू शकते, हे हीनी यांनी स्वतःला आरोपीच्या जागी उभे करून सांगितले.

६

१९९८ च्या एप्रिलमध्ये बेलफास्ट करार झाला. त्याच वर्षी १५ ऑगस्टला ओमा शहरातील बॉम्बस्फोटाने आणखी २९ जणांचा बळी घेतला. पुढच्या वर्षी चार पत्रकार-अभ्यासकांनी मिळून ‘लॉस्ट लाइव्ह्ज’ हा ग्रंथ सिद्ध केला. संघर्षातील प्रत्येक मृत्यूची त्यात कालक्रमाने स्वतंत्र नोंद आहे : सैनिक, अतिरेकी, दूधवाला, शाळकरी मूल, सारे एकाखाली एक. कोणाच्या नोंदीला वेगळा विभाग नाही, कोणाला वेगळे विशेषण नाही. काव्याचा लवलेशही नसलेला हा ग्रंथ ओकेसींच्या जूनोने जे ओळखले तेच पानोपानी करून दाखवितो. साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या जबान्यांत बोलणारे प्रायः एकाच पंथाचे होते. येथे प्रथमच वही दोघांची झाली.

भारतीय भाषांतील फाळणीच्या साहित्याचा अभ्यास करणाऱ्यांना या इतिहासात ओळखीचे बरेच काही आढळेल. त्याच साम्राज्याने दोन्हीकडे जाताना रेषा आखली होती. मात्र तुलना केवळ दुःखाच्या साम्यावर थांबली तर ती फारशी फलदायी होणार नाही. कोणती कृती कोणाचे मृत मोजते, कोणाचे वगळते, आणि मोजताना त्यांचे काय करते, हा प्रश्न घेऊन दोन्ही साहित्ये वाचली गेली पाहिजेत.

१९९५ साली नोबेल पारितोषिक स्वीकारताना दिलेल्या व्याख्यानात हीनी यांनी किंग्जमिलच्या त्या एकट्या कॅथॉलिक कामगाराची हकिकत सांगितली. कॅथॉलिक कोण, असा प्रश्न होताच सर्वांना वाटले की मारेकरी त्यालाच मारायला आले आहेत. त्या अंधारात शेजारी उभ्या असलेल्या प्रॉटेस्टंट सोबत्याने त्याचा हात गुपचूप दाबला : हलू नकोस, आम्ही तुला दाखवून देणार नाही. तरीही तो पुढे झाला आणि वाचला. हात दाबणारा मेला. आयर्लंडच्या इतिहासातील कोणत्याही आकड्यात तो दाबलेला हात मोजला गेलेला नाही. त्याची नोंद ठेवण्याचे काम साहित्याच्या वाट्याला आले.