धुरकट हेडलाइट: पावसाळ्याआधी उरकायचे काम



पुढचा अंक हाती पडेल तेव्हा लोणावळ्यात धुके उतरलेले असेल. म्हणून या वेळचा धडा जरा वेगळा घेतला आहे: पिवळट, धुरकट झालेल्या हेडलाइटला पॉलिश पेपर कसा मारायचा. अंदर मावळ, नाणे मावळ, पवन मावळातल्या वाड्यांवरून रात्री-अपरात्री रुग्ण घेऊन कामशेत-तळेगावकडे निघावे लागते. अशा वेळी आपल्यापैकी अनेक जण स्वतःची गाडी काढतात. हा धडा मुख्यतः त्यांच्यासाठी.

आधी नखाने दिव्यावर टिचकी मारा. जुन्या जीपचे गोल दिवे काचेचे असत; ते पिवळे पडत नाहीत, त्यांना पेपर लावायचा नाही. आताचे दिवे पॉलिकार्बोनेट या प्लास्टिकचे असतात. हे प्लास्टिक दगडाने सहसा फुटत नाही, पण उन्हापुढे टिकत नाही. म्हणून कारखान्यात त्यावर पातळ, कडक थर देतात. उन्हातल्या अतिनील किरणांनी काही वर्षांत तो थर मरतो, सोलतो आणि खालचे प्लास्टिक पिवळे पडते. रोज एकाच जागी उभ्या राहणाऱ्या गाडीचा उन्हाकडचा दिवा दुसऱ्यापेक्षा जास्त खराब झालेला मी नेहमी पाहतो.

अमेरिकेतील एएए या वाहनचालकांच्या संघटनेने २०१८ मध्ये अशा दिव्यांची तपासणी केली. खूप खराब झालेले दिवे नव्याच्या जेमतेम २० टक्के उजेड देत होते. घासून दुरुस्त केल्यावर तो ७० टक्क्यांपर्यंत आला. आपल्या घाटात प्रश्न एवढाच नाही. धुरकट प्लास्टिक उजेड चहूकडे विखुरते. वर गेलेला उजेड धुक्यावर आपटून आपल्याच डोळ्यांत परत येतो. मग चालक वैतागून अप्पर लावतो आणि पांढरी भिंत आणखी दाट होते.

आता काम. दिवा साबणाने धुवा. भोवतीच्या रंगावर मास्किंग टेपचे दोन थर चिकटवा, नाहीतर दिवा उजळेल आणि बॉनेटवर ओरखडे राहतील. पाण्यात वापरायचे काळे पेपर घ्या: ६००, १०००, १५००, २००० आणि मिळाला तर ३०००. थर सोलून पापुद्रे निघाले असतील तरच ४०० ने सुरुवात करा. पेपर थोडा वेळ पाण्यात भिजू द्या आणि स्पंजाच्या तुकड्याला गुंडाळा. नुसत्या बोटांनी घासले की बोटांच्या जागी खाचा पडतात.

पहिला पेपर आडवा, सरळ रेषेत चालवा, सतत पाणी सोडत. सुरुवातीला पिवळसर पाणी वाहील. तो मेलेला थर. पाणी दुधासारखे पांढरे येऊ लागले आणि सगळीकडे सारखी झाक दिसली की थांबा. या टप्प्याला दिवा आधीपेक्षा वाईट, पार आंधळा दिसतो. बहुतेक लोक इथेच घाबरतात आणि घाईने बारीक पेपर उचलतात. घाबरू नका. जुना थर ठिपक्याठिपक्यांनी उरला, तर पुढे कितीही चमकवा, ते ठिपके दिसणारच.

दुसरा पेपर उभा चालवा. दिशा बदलल्यामुळे आधीच्या आडव्या रेषा गेल्या की नाही ते कळते. पण ओल्या दिव्यावर कळत नाही. फडक्याने कोरडा करून, तिरपे बघून ठरवा. प्रत्येक नंबरानंतर दिवा, स्पंज आणि बादलीतले पाणी, तिन्ही स्वच्छ हवे. जाड पेपरचा एक कण राहिला तरी नवा ओरखडा उठतो.

टूथपेस्टचा उपाय सगळे सांगतात. त्याने थोडा उजाळा येतो, पण तो टिकत नाही, कारण संरक्षण करणारा थरच उरलेला नसतो. नुसते ३००० पर्यंत घासून कंपाउंडने चमकवलेला दिवासुद्धा काही महिन्यांत पुन्हा पिवळा पडू लागतो. म्हणून वरून अतिनील किरण अडवणारा क्लिअर कोट मारावाच. तो मारायचा असेल तर १००० किंवा १५०० वर थांबा आणि कंपाउंड लावू नका; क्लिअरला धरायला किंचित खरखरीत पृष्ठभाग लागतो. पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरा. पेट्रोल किंवा थिनर लावले तर प्लास्टिकला बारीक तडे जातात.

क्लिअरसाठी कोरडी हवा हवी. ओल असली की थरावर दुधी झाक येऊ शकते. म्हणून लोणावळ्यात हे काम मेमध्येच उरका, जुलैत नको. हार्डनर मिसळायचे टूके क्लिअर फुप्फुसांना घातक असते आणि तोंडाला बांधलेला रुमाल त्याला पुरत नाही. ते गॅरेजवाल्याकडून मारून घ्या. घासण्याची मजुरी तर वाचतेच.

दिव्यात पाणी साचले असेल किंवा आतल्या बाजूने तडे असतील, तर पेपरचा उपयोग नाही; दिवा बदलावा लागतो.

काम झाल्यावर संध्याकाळी सपाट जागेवर गाडी भिंतीसमोर उभी करून डिपरचा झोत बघा. झोत वर गेलेला असेल तर स्क्रू फिरवून खाली घ्या. धुरकटपणात लपलेली ही चूक दिवा स्वच्छ होताच समोरच्या चालकाचे डोळे दिपवते. पासिंगच्या वेळीही ते बघतात.