वातीवरची पालेभाजी

दोन उन्हाळ्यांपूर्वी दवाखान्यात आलेल्या एका बाईंचे हिमोग्लोबिन ८ ग्रॅम निघाले. लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या आणि सवयीप्रमाणे सांगितले, "पालेभाजी खात जा." बाई म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, नळ आठ दिवसांनी येतो. बाजारातली भाजी नाल्याच्या पाण्यावरची, तीही मे महिन्यात परवडत नाही. कुठून खाऊ?" मला उत्तर देता आले नाही. ते शोधण्यासाठी मी दवाखान्याच्या गच्चीवर चार बादल्या मांडल्या. त्यांतून काय शिकलो, ते आज सांगतो.

हा प्रश्न एका बाईंचा नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५४.२ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. म्हणजे दर दोघींपैकी एकीला!

मातीशिवाय भाजी पिकवणे ही काही जादू नाही. मुळांना हवे असते ते पाणी, हवा आणि पाण्यात विरघळलेले क्षार. आपल्याच देशात १९४६ साली शोल्टो डग्लस यांनी तेव्हाच्या दार्जिलिंग जिल्ह्यातील कालिंपाँगला हे प्रयोग केले. महाग यंत्रांऐवजी साधे सामान वापरणारी त्यांची रीत 'बंगाल पद्धत' म्हणून ओळखली गेली. आपली बादली त्याच वाटेवरची.

बादली कशी करावी? दहा लिटरच्या दोन जुन्या बादल्या घ्या. खालच्या बादलीत विटेचे तुकडे ठेवून वरची त्यांवर बसवा, म्हणजे तळाशी चार बोटे ते वीतभर पाण्याची जागा राहील. वरच्या बादलीच्या बुडाला आठ-दहा बारीक भोके पाडा. मधल्या मोठ्या भोकातून जुन्या टेरिकॉट कापडाच्या दोन पट्ट्या अर्ध्या खाली, अर्ध्या वर अशा ओवा. निव्वळ सुती पट्टी काही आठवड्यांत कुजते. कंदिलाची वात रॉकेल ओढते तशी ही वात पाणी वर ओढते. झाडाला लागेल तेवढेच पाणी वर जाते, वाया जात नाही.

वरच्या बादलीत नारळाच्या काथ्याचा भुसा दोन भाग आणि धुतलेली वाळू एक भाग भरा. भुसा आधी दोन-तीन पाण्यांतून धुऊन घ्या, कारण त्यात मीठ असते. पाणी ओतण्यासाठी एका कडेला प्लास्टिक पाइपचा तुकडा खालच्या बादलीपर्यंत सोडा. जादा पाणी निघून जावे म्हणून खालच्या बादलीला, वरचीच्या बुडाच्या किंचित खाली, एक भोक ठेवा. पहिल्यांदा पाणी वरूनच घाला. कोरडी वात आपण होऊन चालू होत नाही.

कीटकनाशकाचा किंवा रंगाचा डबा कितीही धुतला तरी यासाठी वापरू नका.

खत किती? दहा लिटर पाण्याला विद्राव्य १९:१९:१९ पाच ग्रॅम, कॅल्शियम नायट्रेट पाच ग्रॅम, मॅग्नेशियम सल्फेट तीन ग्रॅम आणि लोह असलेल्या चिलेटेड सूक्ष्म अन्नद्रव्यांची चिमूट. पाच ग्रॅम म्हणजे चहाचा साधारण एक सपाट चमचा. हे सारे कृषी सेवा केंद्रात सुटे मिळते. प्रत्येक खत वेगळ्या तांब्यात विरघळवून मग मोठ्या पाण्यात ओता. कॅल्शियम नायट्रेट दुसऱ्या खतांशी घट्ट द्रावणात मिसळले तर पांढरा साका बसतो आणि तेवढे अन्न झाडाला मिळत नाही. रोपे लहान असताना मात्रा निम्मी ठेवा. जादा खत दिल्याने भाजी जादा येत नाही. पानांत नायट्रेट मात्र साचते. काढणीआधी चार-पाच दिवस साधे पाणी द्या. वर पांढरी पापडी दिसली तर वरून साधे पाणी ओतून क्षार धुऊन काढा. खते मुलांच्या हाताला लागणार नाहीत अशी, नाव लिहून ठेवा.

नवी पाने पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या, तर झाडाला लोह कमी पडले. शेतकरी त्याला केवडा म्हणतात. आमच्या बोअरच्या जड पाण्यात हे वारंवार होते. लोहावाचून माणूस फिका पडतो तसे झाडही पडते, हे मला गच्चीवर नव्याने कळले!

माझी चूक. पहिल्या पावसाळ्यात एका खालच्या बादलीत मला वळवळणाऱ्या अळ्या दिसल्या. डेंग्यूविषयी गावभर बोलणारा मी, आणि डास माझ्याच गच्चीवर! तेव्हापासून नियम केला. जादा पाण्याच्या भोकाला डासांची जाळी बांधायची, पाइपला झाकण लावायचे, दोन बादल्यांमधली फट कापडाने घट्ट बांधायची आणि आठवड्यातून एकदा कोरडा दिवस पाळून खालची बादली रिकामी करून घासायची. नुसते पाणी ओतून भागत नाही. डेंग्यूच्या डासाची अंडी भांड्याच्या कडेला चिकटून राहतात. हे जमणार नसेल, तर ही बादली करूच नका.

काय लावावे? मेथी तीन-चार आठवड्यांत येते. पालक आणि माठ वरून कापत राहिले की पुन्हा फुटतात. कोथिंबीर आणि मिरचीही येते. दिवसाला चार-पाच तास ऊन हवे; एप्रिल-मेमध्ये दुपारी जुन्या साडीची सावली करा. माझ्या चार बादल्यांतून आठवड्याला साधारण एक जुडी निघते. घराची सगळी भाजी यातून भागणार नाही. पण बाजारात जुडी हाती लागत नाही त्या दिवसांत ती ताजी मिळते.

खाताना. पालकात लोह असले तरी त्यातले थोडेच अंगी लागते. म्हणून मेथी, माठ आलटून पालटून खा, भाजीवर लिंबू पिळा आणि जेवणानंतर तासभर चहा टाळा. मुतखडा झालेल्यांनी पालक बेताने खावा. रक्त पातळ करणारी वॉरफॅरिन गोळी चालू असेल, तर पालेभाजीचे प्रमाण एकदम वाढवू वा घटवू नये. आधी डॉक्टरांना विचारावे.

आणि हे पक्के ध्यानात ठेवा : रक्त फार कमी झाले असेल तर निव्वळ भाजीने ते भरून येत नाही. गोळ्या आणि तपासणी हवीच. त्या बाईंचे हिमोग्लोबिन सहा महिन्यांनी ११ च्या पुढे गेले, ते मुख्यतः गोळ्यांमुळे. पण त्यांच्या अंगणात आता दोन बादल्या आहेत, आणि "कुठून खाऊ?" या प्रश्नाचे थोडेसे उत्तर त्यांच्याकडे आहे.