पाण्याचा हक्क आणि मूत्रपिंडाचे आरोग्य

२० मार्च १९२७ रोजी परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. या कृतीला आधार होता तो मुंबई कायदेमंडळाच्या १९२३ च्या ठरावाचा. तो मांडणारे रावबहादूर सी. के. बोले यांच्या नावाचा रस्ता दादरमध्ये आहे. तळ्याच्या खटल्याचा अंतिम निकाल उच्च न्यायालयात १९३७ साली आपल्या बाजूने लागला. दहा वर्षे झगडून ज्या पाण्यावरचा हक्क मिळविला, ते पाणी आज आपण पुरेसे पितो काय? मुतखड्याच्या निमित्ताने हा प्रश्न विचारावासा वाटतो.

लघवीत पाणी कमी आणि क्षार अधिक झाले, की क्षारांचे स्फटिक बनतात व त्यांचाच पुढे खडा होतो. बहुतेक खडे कॅल्शियम ऑक्झलेटचे, तर काही युरिक ॲसिडचे असतात. मुंबईच्या दमट हवेत घामावाटे पाणी सतत जाते. त्यात परळ-लालबागच्या चाळींतील सामाईक शौचालये! रात्री तिकडे जावे लागू नये म्हणून आपल्या कितीतरी आया-बहिणींनी संध्याकाळनंतर तहान मारली. शाळेतील मुलीही अस्वच्छ शौचालयाच्या धास्तीने पाणी टाळतात.

प्रतिबंधासाठी पुढील पथ्ये पाळावीत :

१) दिवसाकाठी दोन ते अडीच लिटर लघवी होईल इतके पाणी प्यावे, लघवीचा रंग फिकट असावा. लिंबातील सायट्रेट स्फटिक बनण्यास अटकाव करते. म्हणून लिंबूपाणी उपयुक्त, पण त्यात मीठ-साखर नको.

२) मीठ दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे जेमतेम एक चहाचा चमचा असावे. अधिक मिठाने लघवीतील कॅल्शियम वाढते. खारवलेली सुकी मासळी, लोणचे, पापड, फरसाण यांवर संयम हवा.

३) दूध-दही बंद करू नये. अन्नातील कॅल्शियम ऑक्झलेटला आतड्यातच बांधून ठेवते. ऑक्झलेटचा खडा झालेल्यांनी पालक, बीट, शेंगदाणे बेताने खावेत.

४) मटण, कलेजी यांचा अतिरेक टाळावा, त्यांनी युरिक ॲसिड वाढते.

टोमॅटो-वांग्याच्या बियांचा खडा होतो, हा समज निराधार आहे. बिअरने खडा पडतो, हा समज तर घातक आहे. पंचशीलातील पाचवे शील येथेही आपले रक्षण करते. भिक्खूच्या आठ परिष्कारांत पाणी गाळण्याचे साधन आहे, आणि भोजनात मात्रा जाणण्याची शिकवण तथागतांनीच दिली आहे.

कुशीतून जांघेकडे जाणारी तीव्र कळ, लघवीत रक्त, थंडी-ताप अशी लक्षणे दिसताच डॉक्टरांकडे जावे. हृदयाचा वा मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी पाण्याचे प्रमाण डॉक्टरांनाच विचारावे.

पालकांनी मुलांच्या दप्तरात पाण्याची बाटली द्यावी. शिक्षकांनी लघवीसाठी जाणाऱ्या मुलाला अडवू नये. माजी विद्यार्थ्यांना शाळेसाठी काही करावयाचे असेल, तर स्वच्छ शौचालय आणि शुद्ध पाणी यांहून मोठे दान नाही. मुलींनी निर्धास्तपणे पाणी प्यावे, यातही महाडचाच वारसा आहे.

नमो बुद्धाय! जय भीम!